सोलापूरच्या उन्हाळ्यात फ्लॅटमध्ये शिह त्झू पाळता येईल का? आई दिवसभर घरी असते.

येईल, आणि आई घरी असते ही मोठी जमेची बाजू. मूळ तिबेटचा आणि चीनच्या राजवाड्यात वाढलेला हा कुत्रा माणसाच्या सोबतीसाठीच जोपासला गेला. राखणदारीची अपेक्षा ठेवू नका, त्याला मांडी हवी असते. वजन साधारण 4 ते 7 किलो.

खरी काळजी उन्हाची. चपट्या नाकामुळे त्याला धापा टाकून अंग थंड करणं नीट जमत नाही, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 40 च्या वर असतो. त्या दिवसांत पहाटेच फिरवा. संध्याकाळी न्यायचं तर आधी डांबराला हात लावून बघा, रात्री आठपर्यंतही रस्ता तापलेला असू शकतो. दुपारी कूलर किंवा एसी हवाच. सतत जोरात धापा, घट्ट लाळ, झोकांड्या दिसल्या तर अंगावर साधं पाणी ओता, पंखा लावा आणि लगेच डॉक्टरांकडे न्या. गळपट्ट्याऐवजी हार्नेस (छातीभोवती बसणारा पट्टा) घ्या, म्हणजे श्वासनलिकेवर ताण येत नाही.

केस वाढतच राहतात. रोज विंचरायला वेळ नसेल तर बारीक कापून ठेवा, पण कातडी दिसेल इतके नाही. डोळे मात्र रोज पुसा.

आणि आईंना आधीच सांगा: शेंगा चटणीतला लसूण, कांदा, द्राक्षं, बेदाणे यांतलं काहीही लाडानंसुद्धा द्यायचं नाही. द्राक्षं-बेदाण्यांनी कुत्र्यांच्या किडन्या निकामी होऊ शकतात, आणि आपल्या घरांत ती हाताशीच असतात.