दोघांचे आकडे खरे, छेद वेगळे

पत्र असं आलं आहे:

«आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अठरा माणसं आहेत. आम्ही न्यू जर्सीत, धाकटे दीर कॅनडातल्या कॅलगरीत तेल कंपनीत, सासूसासरे भारतात. माझी लेक कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दोन महिन्यांपूर्वी तिने पोलिसांच्या गोळीबाराबद्दल काही आकडे टाकले. भाऊजींनी लगेच त्याच्या विरुद्ध आकडे टाकले. पुढे विषय कॅनडाच्या कार्बन टॅक्सवर गेला आणि तिथेही तेच झालं. दोघंही अभ्यासू आहेत, पुराव्याशिवाय बोलत नाहीत. पण आता ती काकांचा फोन घेत नाही आणि भाऊजी ‘तिला कॉलेजात भलतंच शिकवतात’ असं ह्यांना सांगतात. डिसेंबरच्या सुट्टीत ते सगळे आमच्याकडे येणार आहेत. (सासरे इथे आले की पहाटे एकटेच फिरायला जातात, हे सगळं वाचून मला धडकी भरते.) मी कोणाची बाजू घेऊ?»

ताई, पत्रासोबत तुम्ही दोघांचे मेसेज पाठवलेत, ते मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात वाटलं, यांच्यातलं कोणीतरी एक चुकतंय. दुसऱ्यांदा कागदावर मांडत गेले तेव्हा दिसलं की आकड्यांत जवळजवळ कोणीच चुकलेलं नाही. शाळेत आपण अपूर्णांक शिकलो: वर अंश, खाली छेद. तुमच्या ग्रुपवर दोघंही अंश सांगत आहेत आणि छेद काय घेतलाय हे कोणीच विचारत नाही.

भाऊजी लिहितात, अमेरिकेत पोलिसांच्या गोळीने मरणाऱ्यांत सगळ्यात जास्त संख्या गोऱ्यांची आहे. खरं आहे. लेक लिहिते, कृष्णवर्णीयांना हा धोका गोऱ्यांच्या दुपटीहून जास्त आहे. हेही खरं आहे, आणि दोन्ही गोष्टी एकाच नोंदीतून निघतात. वॉशिंग्टन पोस्ट या वृत्तपत्राने 2015 पासून 2024 अखेरपर्यंत अशा प्रत्येक मृत्यूची नोंद ठेवली. वर्षाला साधारण 1,000 मृत्यू. भाऊजींनी नुसती मोजणी सांगितली, लेकीने तिला लोकसंख्येने भागलं.

यावर भाऊजींचं म्हणणं असं, की लोकसंख्येने कशाला भागायचं? पोलिसांचा ज्यांच्याशी संबंध येतो, त्यांच्या संख्येने भागा. हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. छेदात अटकेचे किंवा गुन्ह्यांचे आकडे घातले की फरक बराच कमी होतो, काही अभ्यासांत दिसेनासाही होतो. पण तुमच्या लेकीने त्यावर जो प्रश्न विचारला आहे तो मला या सगळ्या वादातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: कोणाला थांबवायचं हे ठरवतं कोण? पोलिसच. किरकोळ कारणासाठी एका गटातल्या जास्त लोकांना थांबवलं, तर छेद फुगतो आणि गोळीबाराचं प्रमाण आपोआप लहान दिसतं. मग ज्या पक्षपाताचा शोध घ्यायचा तो छेदातच दडून बसतो.

हे ताणून धरलेलं तर्कट नाही, संशोधकांत यावर खरोखरच वाद झाला आहे. हार्वर्डचे अर्थशास्त्रज्ञ रोलंड फ्रायर यांचा अभ्यास 2016 मध्ये समोर आला. त्यात आढळलं की ढकलणं, भिंतीला टेकवणं, बेड्या घालणं असा बळाचा वापर कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक (लॅटिन अमेरिकी वंशाच्या) लोकांच्या वाट्याला 50 टक्क्यांहून जास्त प्रमाणात येतो. परिस्थितीतले इतर फरक हिशेबात धरले तरी तफावत पूर्ण मिटत नाही. पण ह्यूस्टन शहरातल्या पोलिसांच्या नोंदींत गोळीबारापुरता असा फरक आढळला नाही. लेकीने या अभ्यासाचा पहिला अर्धा भाग टाकलाय आणि भाऊजींनी दुसरा. दोघांनी एकच अभ्यास एकमेकांवर फेकला आणि ते दोघांच्याही लक्षात आलं नाही! पुढे 2020 मध्ये नॉक्स, लो आणि मुमोलो या संशोधकांनी दाखवून दिलं, की पोलिसांच्या नोंदी माणसाला थांबवल्यानंतर सुरू होतात. थांबवण्यातच भेदभाव असेल तर या नोंदींवरून काढलेला निष्कर्ष तो भेदभाव कमी करून दाखवतो.

भाऊजींनी टाकलेली दुसरी लिंक मात्र मागे घेतलेल्या लेखाची आहे, हे त्यांना कोणीतरी शांतपणे सांगायला हवं. 2019 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात तो लेख आला आणि पोलिसांत पक्षपात नसल्याचा पुरावा म्हणून सगळीकडे फिरला. पण लेखकांनी फक्त मेलेल्या लोकांची माहिती तपासली होती. ज्यांच्याशी पोलिसांची गाठ पडली पण गोळी झाडली गेली नाही, ते त्या हिशेबात नव्हतेच. म्हणजे छेदच नव्हता. अशा माहितीवरून कोणाला गोळी लागण्याची शक्यता किती, हे काढता येत नाही. 2020 च्या जुलैमध्ये लेखकांनी स्वतःच तो लेख मागे घेतला. मला त्या लेखकांबद्दल आदर वाटतो. भाऊजींनीही ती लिंक मागे घेतली तर लेकीच्या मनात त्यांचा मान वाढेल, अशी माझी खात्री आहे.

एक गोष्ट मला अस्वस्थ करते. इतक्या मोठ्या, सधन देशात पोलिसांनी किती माणसं मारली हे एका वृत्तपत्राला मोजावं लागलं. देशात सुमारे 18,000 पोलिस यंत्रणा आहेत. एफबीआय या संघीय तपास संस्थेने बळाच्या वापराची राष्ट्रीय नोंद 2019 मध्ये सुरू केली, पण त्यात माहिती देणं ऐच्छिक ठेवलं. म्हणून घरात कोणी ‘सरकारी आकडा दाखव’ म्हणालं आणि समोरच्याला तो मिळाला नाही, तर तो हरला असं होत नाही.

आता तुमच्या पत्रातलं ते वाक्य, जे तुम्ही कंसात लिहिलंय: सासरे इथे आले की पहाटे एकटेच फिरायला जातात, आणि हे सगळं वाचून तुम्हाला धडकी भरते. मला वाटतं तुमच्या मनातला खरा विषय हाच आहे. 2015 च्या फेब्रुवारीत अलाबामातल्या मॅडिसन गावात, गुजरातहून नातवाला सांभाळायला आलेले 57 वर्षांचे आजोबा मुलाच्या घराजवळ सकाळी चालत होते. कोणीतरी पोलिसांना फोन केला. आजोबांना इंग्रजी येत नव्हतं. पोलिसाने त्यांना जमिनीवर आपटलं, मणक्याला इजा झाली आणि शरीराचा काही भाग लुळा पडला. गाडीतल्या कॅमेऱ्यात सगळं टिपलं गेलं होतं. त्या पोलिसावर संघीय न्यायालयात दोनदा खटला चालला, दोन्ही वेळा ज्यूरीचं, म्हणजे निवाडा देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळाचं, एकमत झालं नाही, आणि 2016 च्या जानेवारीत न्यायाधीशांनी त्याला दोषमुक्त केलं.

तुमच्या घरात ही घटना निघाली तर भाऊजी म्हणतील, ‘कोर्टाने सोडलं ना?’ लेक म्हणेल, ‘म्हणून ते बरोबर होतं का?’ इथे ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत असतील. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये ग्रॅहम विरुद्ध कॉनर या खटल्यात ठरवलेली कसोटी अशी, की त्या क्षणी, त्या जागी उभ्या असलेल्या समंजस पोलिसाला ते बळ वाजवी वाटलं असतं का. मागाहून, सगळं कळल्यावर पाहायचं नाही. शिवाय संघीय फौजदारी खटल्यात त्याने जाणूनबुजून हक्क मोडला हेही सिद्ध करावं लागतं. तेव्हा निर्दोष सुटणं आणि योग्य वागणं यांत अंतर राहतं. सासऱ्यांच्या बाबतीत करायची गोष्ट साधी आहे: खिशात तुमचा पत्ता, फोन नंबर आणि ‘मला इंग्रजी कमी समजतं’ असं इंग्रजीत लिहिलेलं कार्ड ठेवा. पोलिसाने थांबवलं तर जागेवर थांबायचं, हात दिसतील असे ठेवायचे, खिशात हात घालण्याआधी खूण करून विचारायचं, एवढं त्यांच्याकडून एकदा करून घ्या. हे काम लेकीने आणि काकांनी मिळून केलं तर फार बरं.

कार्बन टॅक्स म्हणजे इंधन जाळून हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडवरचा कर. त्याच्या भांडणातही छेदाचाच घोळ आहे. ‘जगाच्या उत्सर्जनात कॅनडाचा वाटा दीड टक्क्याच्या आसपास, आम्ही कर भरून काय फरक पडणार?’ असं भाऊजी विचारतात. लेकीचं उत्तर, की माणशी पाहिलं तर कॅनडाचा माणूस वर्षाला 14 टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि भारतातला सुमारे 2 टन. भाऊजींनी देश धरला, लेकीने माणूस धरला. तिसरा हिशेब काळाचा: 1750 पासूनचं सगळं उत्सर्जन एकत्र केलं तर जवळजवळ चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा निघतो. यातला कुठला हिशेब न्याय्य हे कुठलाही तक्ता सांगू शकत नाही. तो जबाबदारीचा प्रश्न आहे. पृथ्वी तापते आहे आणि ती माणसामुळे तापते आहे, हे मात्र मापनातून ठरलेलं आहे. तिथे ‘दोन्ही बाजू’ मांडत बसायची गरज नाही. मेसेज पाहता भाऊजीही ते नाकारत नाहीत. लेक त्यांना विज्ञान नाकारणारा ठरवते तेव्हा ती त्यांच्यावर अन्याय करते. त्यांचा आक्षेप कराला आहे.

आणि करावरचा पुरावा खरोखर गुंतागुंतीचा आहे. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने 2008 मध्ये कार्बन डायऑक्साइडच्या टनामागे 10 डॉलर असा कर सुरू केला. कर नसता तर जितकं उत्सर्जन झालं असतं त्यापेक्षा 5 ते 15 टक्के कमी झालं, असा अंदाज अभ्यासांतून निघाला. पण ‘कर नसता तर’ हे शब्द गळले की वाक्याचा अर्थ बदलतो, कारण लोकसंख्या वाढत होती आणि एकूण आकडा तितका खाली आला नाही. त्यामुळे लेकीचं ‘काम झालं’ आणि भाऊजींचं ‘कुठे कमी झालं?’ दोन्हींना आधार आहे. पुढे 2019 पासून देशपातळीवर इंधनावरचा कर आला आणि पैसे कुटुंबांना परत मिळू लागले. 2024 मध्ये आल्बर्टातल्या, म्हणजे कॅलगरी ज्या प्रांतात आहे तिथल्या, चौघांच्या कुटुंबाला दर तीन महिन्यांनी 450 डॉलर. संसदेच्या अर्थसंकल्प अधिकाऱ्यांचा सरळ हिशेब सांगत होता की बहुतेक कुटुंबांना भरल्यापेक्षा जास्त परत मिळतं. नोकऱ्या आणि गुंतवणुकीवरचा परिणाम धरणारा त्यांचाच दुसरा हिशेब तोटा दाखवत होता. त्या दुसऱ्या हिशेबात उद्योगांवरचा करही चुकून धरला गेला होता, हे त्या कार्यालयाने 2024 मध्ये मान्य केलं आणि गणित पुन्हा केलं. तोटा आधीपेक्षा कमी निघाला. 1 एप्रिल 2025 पासून ग्राहकांवरचा हा कर शून्यावर आणला गेला.

आता घरात काय करायचं ते. हा विषय अठरा जणांच्या ग्रुपवरून ताबडतोब हलवा. सासूसासरे, नणंदा, जावा वाचत असताना काका पुतणीसमोर माघार घेणार नाहीत आणि पुतणीही काकांसमोर घेणार नाही. तिथे प्रश्न पुराव्याचा उरतच नाही, मानाचा होतो. दोघांनी फोनवर बोलावं. ग्रुपवर लिंक टाकायचीच असेल, तर टाकणाऱ्याने स्वतःच्या शब्दांत दोन ओळी लिहाव्यात: काय मोजलं आणि कशाने भागलं. लिहिता येत नसेल तर वाचलेलं नाही.

लेकीला एक गोष्ट स्पष्ट सांगा, तीही भीती न घालता. 2019 पासून अमेरिकेच्या व्हिसा अर्जात मागच्या 5 वर्षांतल्या सोशल मीडिया खात्यांची नावं द्यावी लागतात, आणि 2025 च्या जूनपासून विद्यार्थी व्हिसाच्या अर्जदारांना ती खाती सार्वजनिक ठेवायला सांगितलं जातं. ती नागरिक असेल तर तिचा प्रश्न नाही, पण तिच्या पोस्टखाली लिहिणारा तिचा मावसभाऊ विद्यार्थी व्हिसावर असू शकतो. मत मांडू नये असं मी म्हणणार नाही. कोणाला सोबत ओढतो आहोत हे तिने पाहावं.

भाऊजींशी तुम्ही स्वतः बोला. ‘कॉलेजात भलतंच शिकवतात’ या वाक्याने ती दुखावली आहे. तिने आकडे दिले होते, त्यांनी तिच्या वयाकडे बोट दाखवलं. एरवी ते असं बोलणारे नाहीत, हे तुमच्या पत्रावरूनच कळतं.

बाजू कोणाचीच घेऊ नका. लेकीला एवढंच सुचवा की तिने काकांना आपणहून फोन करावा आणि ज्याचं उत्तर तिच्याजवळ नाही असं काहीतरी विचारावं. दर तीन महिन्यांनी बँकेत जमा होणारे ते पैसे आल्बर्टातल्या लोकांना पंपावर उभं असताना आठवायचे का? तेल कंपनीतले त्यांचे सहकारी त्याबद्दल काय बोलायचे? हे तिला कुठल्याच अभ्यासात सापडणार नाही, आणि काका तिथे राहिले आहेत.