गोठलेल्या इंधनाचा एक्स-रे

प्रश्न : छातीच्या एक्स-रेत हाडे ठळक दिसतात, हवा दिसत नाही. मग अणुसंलयनाच्या (हलक्या अणूंची केंद्रके जोडून ऊर्जा मिळवण्याच्या) प्रयोगातील इंधनाच्या गोळीत गोठवलेला हायड्रोजन एक्स-रेने कसा तपासतात? – एक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : शंका रास्त आहे, कारण हायड्रोजन एक्स-रे जवळजवळ शोषतच नाही. कॅलिफोर्नियातील नॅशनल इग्निशन फॅसिलिटी या लेसरने अणुसंलयन घडवणाऱ्या प्रयोगशाळेत सुमारे २ मिलिमीटर व्यासाच्या पोकळ गोळीच्या आतल्या भिंतीवर ड्युटेरियम-ट्रिटियम या हायड्रोजनच्या जड रूपांचा बर्फ उणे २५४ अंश सेल्सिअसच्या आसपास, केसाच्या जाडीइतक्या थरात गोठवतात. तेथे शोषणावर विसंबून भागत नाही, म्हणून बर्फाच्या कडेपाशी एक्स-रे किंचित वळतात याचाच उपयोग करून घेतला जातो. मे महिन्याच्या दुपारी होटगी रस्त्याच्या डांबरावर हवा थरथरताना दिसते; पारदर्शक असूनही ती दिसते, ती प्रकाश वळल्यामुळेच. डिटेक्टर गोळीपासून पुरेसा दूर ठेवला की बर्फाची आतली कड बारीक काळ्या-पांढऱ्या रेषेसारखी उमटते आणि थरात खाच असेल तर तेवढ्या जागी ती रेषा वाकडी होते. ट्रिटियमच्या किरणोत्सर्गाची ऊब थराची जाडी आपोआप सारखी करत जाते (मला तर यातली हीच गोष्ट सर्वांत देखणी वाटते), तरीही काही खाचा उरतात; त्या फार असल्या तर बर्फ वितळवून थर नव्याने गोठवावा लागतो.