पहिली कौटुंबिक शिडाची बोट: ट्रेलरवरची घ्यावी की स्लिपमध्ये ठेवावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: व्हर्जिनियात हर्नडनला राहता, मुलं सहा आणि दहा वर्षांची आहेत, दारात होंडा ओडिसी मिनीव्हॅन आहे, आणि गेल्या उन्हाळ्यात तुम्ही दोघांनीही शीड चालवायचा प्राथमिक कोर्स केला आहे. आता दहा हजार डॉलरच्या आत चेसापीक बे या उपसागरासाठी पहिली बोट घ्यायची आहे. ट्रेलरवर घालून घरी आणता येईल अशी छोटी घ्यावी, की थोडी मोठी घेऊन ॲनापोलिसच्या बाजूला मरिनात (बोटींच्या गोदीत) स्लिप, म्हणजे एका बोटीपुरती पाण्यातली जागा, भाड्याने घ्यावी, हे ठरत नाही.

मी मेरीलँडमध्ये राहतो आणि आमचं कुटुंब बरीच वर्षं याच बेवर शीड चालवतं. माझं मत आधीच सांगून टाकतो. बोट ट्रेलरवर मावेल अशीच घ्या, म्हणजे २२ फुटांच्या आसपासची. पण हंगामभर ती पाण्यातच ठेवा, नाहीतर पाण्याच्या काठाला डोलकाठी उभी असलेल्या अवस्थेत ठेवा. ट्रेलर हिवाळ्यासाठी आणि वर्षातून एखाद्या लांबच्या सुट्टीसाठी. दर रविवारी घरून बोट ओढत न्यायचा बेत मात्र करू नका.

लोक या प्रश्नात पैशांचा हिशोब मांडतात: स्लिपचं भाडं इतकं, ट्रेलरला तर फुकट. लहान मुलं असलेल्या घरात खरी टंचाई वेळेची असते. गाडीतून उतरल्यापासून शीड वर चढेपर्यंत किती वेळ जातो, यावर तुमची बोट वापरली जाणार की पडून राहणार हे ठरतं.

रॅम्पवर, म्हणजे ट्रेलरवरून बोट पाण्यात सोडायच्या उतारावर, काय होतं ते बघा. बोटीचे पट्टे सोडायचे. जवळपास २५ फुटांची ॲल्युमिनियमची डोलकाठी आडवी बांधलेली असते, ती मागे सरकवून तिचा पाया डेकवरच्या खोबणीत पिन घालून अडकवायचा. दोन्ही बाजूंच्या तारा कुठे गुंतल्या नाहीत ना, हे हाताने चाचपून बघायचं. एखादी तार क्लीटला (दोर बांधायच्या खुंटीला) अडकलेली राहिली आणि तशीच काठी उचलली, तर तारेखालचा टर्नबकल (तार ताणायचा स्क्रू) वाकतो आणि त्या दिवसाचं सेलिंग तिथेच संपतं. मग एकाने कॉकपिटमध्ये उभं राहून काठी खांद्यावर घेत पुढे सरकायचं, दुसऱ्याने पुढून दोर ओढायचा, आणि पुढची तार पिन घालून पक्की होईपर्यंत दोघांनीही जागचं हलायचं नाही. त्यानंतर बूम (शिडाखालचा आडवा दांडा), मेनसेल हे मोठं शीड, जिब हे पुढचं छोटं शीड, सुकाणू, इंजिन. हात बसलेल्या जोडप्यालाही यात तासभर सहज जातो. संध्याकाळी दमून आल्यावर हेच सगळं उलट.

आणि या तासात आईबापांचे चारही हात गुंतलेले असतात. सहा वर्षांचं पोर मोकळं असतं, तेही अशा जागी जिथे मागेपुढे ट्रेलर लावलेल्या गाड्या उलट्या येत असतात. माझा मुख्य आक्षेप यालाच आहे. शिवाय रॅम्प आणि पार्किंगच्या वरून विजेच्या तारा गेल्या असतील तर उभी डोलकाठी जिवावर बेतू शकते. काठी उचलण्याआधी वर बघायचं आणि उभ्या काठीनिशी ट्रेलर हलवण्याआधी पुन्हा वर बघायचं, ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

ओडिसीबद्दल. योग्य सामान बसवलं असेल तर ती ३,५०० पौंड ओढू शकते. कॅटलिना २२ सारखी बोट रिकामी साधारण २,२०० पौंडांची. त्यात ट्रेलर, इंजिन, बॅटरी, नांगर, शिडं मिळवा, की ३,००० च्या पुढे जाता. गाडीत चार माणसं आणि त्यांचं सामान वेगळंच. कागदावर बसतं, पण शेवाळलेल्या ओल्या रॅम्पवर पुढची चाकं ओढणारी गाडी हे वजन वर खेचताना घसरायला लागते. वर्षातून दोनदा, वसंतात नेताना आणि शरदात आणताना, ओळखीतल्या कुणाचा पिकअप मिळाला तर काम भागतं. दर आठवड्याला ॲनापोलिसकडे जाणाऱ्या राउट ५० च्या गर्दीतून न्यायला ती गाडी नाही. रॅम्पसाठी ॲनापोलिसजवळच्या सँडी पॉइंट स्टेट पार्कला जायचं, तर उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी पार्क भरलं की आत सोडत नाहीत, हेही लक्षात घ्या. टाउनहाउस असेल तर तुमच्या एचओएचे (घरमालक संघटनेचे) नियम आजच काढून वाचा. बऱ्याच ठिकाणी दारात बोट उभी करायला परवानगीच नसते.

मग मोठी बोट घेऊन स्लिपच का घेऊ नये? तुमच्या पैशांत सत्तर-ऐंशीच्या दशकातली २७ फुटी बोट नक्की मिळेल. आत उभं राहता येतं, बंद संडास असतो, भारतातून आईबाबा तीन महिने आले की त्यांनाही नीट बसता येतं. हे फायदे खरे आहेत. पण कॅटलिना २७ चं वजन जवळपास ६,८०० पौंड. बाजूचा वारा असताना ती स्लिपमध्ये घालताना चुकली तर हाताने ढकलून थांबवता येत नाही, आणि लहानपणापासून बोटीवर न वाढलेल्या माणसाला सगळ्यात भीती वाटते ती याच क्षणाची. भीती बसली की बोट बाहेर काढणंच कमी होतं. २२ फुटी बोट धक्क्यावरून पायाने रेटून बाजूला करता येते. शिवाय स्लिपचं भाडं, क्रेनने बाहेर काढणं, तळाचा रंग, सगळं फुटावर मोजतात, आणि जुन्या बोटीत आतलं पेट्रोल इंजिन असेल तर एका दुरुस्तीत तुमचं वर्षाचं बजेट संपेल. मोठी बोट दोन-तीन हंगामांनंतर घ्या. तोवर तुम्हाला स्वतःलाच कळलेलं असेल, की तुम्ही रात्री बोटीवर झोपणारी माणसं आहात की संध्याकाळी दोन तास फिरून घरी येणारी.

या बेला कमी पाण्यातही तरंगणारी बोट शोभते. चेसापीक जवळपास २०० मैल लांब आहे, पण सरासरी खोली फक्त २१ फूट, आणि सात लाख एकरांहून जास्त भागात सहा फूटही पाणी नाही. खरी मजा तिच्या खाड्यांमध्ये आहे. कील, म्हणजे तळाखालचं जड पातं, वर उचलता येणारी कॅटलिना २२ दोन फूट पाण्यात जाते, कील सोडली की पाच फूट लागतं. तळ बहुतेक ठिकाणी मऊ चिखलाचा आहे, त्यामुळे बोट रुतली तरी घाबरायचं नाही: कील उचलायची, आल्या वाटेने परत फिरायचं. ॲनापोलिसला भरती-ओहोटीत फरक जेमतेम फुटाचा, कोकणातला समुद्र पाहिलेल्याला तो जाणवणारही नाही. पाच नॉटच्या जवळपास वेग गेला की कीलची केबल गुणगुणायला लागते. आमच्या मुलांना वेग कळायचा तो या आवाजावरून.

कॅटलिना २२ चं नाव सारखं घेतोय कारण ती १९६९ च्या सुमारास आली, पंधरा हजारांहून जास्त बनल्या, सुटे भाग आजही मिळतात, आणि जुनी बोट ट्रेलरसकट तुमच्या बजेटच्या खूप आत येते. ओडे २२ आणि कॉम-पॅक १९ याही चांगल्या. मॅकग्रेगर २६ मध्ये पाणी भरून वजन वाढवतात, म्हणून ओढायला हलकी, पण लाटेत फार हलते. घाबरट मुलांसाठी मी ती घेणार नाही. फक्त दिवसाचं सेलिंग करायचं असेल तर फ्लाइंग स्कॉट मनापासून सुचवेन: १९ फूट, ८५० पौंड, आणि मेरीलँडमधल्याच डीअर पार्कला बनणारी बोट. ओडिसी ती आरामात ओढेल. मात्र तिला जड कील नाही, म्हणजे ती उलटू शकते, आणि केबिन नाही.

आता तिसरा पर्याय, ज्याबद्दल तुम्ही विचारलं नाही. काही मरिनांत बोट ट्रेलरवरच, पण डोलकाठी उभी ठेवून, आवारात ठेवता येते. आलात, बोट रॅम्पवरून किंवा हॉइस्टने (उचलयंत्राने) पाण्यात सोडली, वीस-पंचवीस मिनिटांत शीड वर. तळ सतत पाण्यात नसल्यामुळे त्याला शेवाळ आणि कवचाचे चिकट जीव (बार्नेकल) धरत नाहीत आणि महागडा रंग लागत नाही. तुमच्या बाजूला रेगन नॅशनल विमानतळाला लागून, पोटोमॅक नदीवर, वॉशिंग्टन सेलिंग मरिना आहे. तिथे जमिनीवर बोटी ठेवायची सोय आहे. हर्नडनहून ॲनापोलिसच्या निम्म्याहून कमी अंतर. जूनमध्ये साडेआठपर्यंत उजेड असतो, म्हणजे ऑफिस संपवून बुधवारीसुद्धा पाण्यावर जाता येईल. पाणी गोडं, त्यामुळे जेलीफिश नाही. जुलै-ऑगस्टमध्ये ॲनापोलिसकडे मुलांना पाण्यात उतरवणं या जेलीफिशमुळे नकोसं होतं. बेसारखा मोकळा वारा मात्र नदीवर मिळत नाही. मी तुमच्या जागी असतो तर पहिला हंगाम पोटोमॅकवर काढला असता आणि सुट्टीत आठवडाभर बोट ट्रेलरवरून बेवर नेली असती. त्यासाठीच ट्रेलर हवा.

जुनी बोट बघायला जाल तेव्हा स्क्रूड्रायव्हरची प्लॅस्टिकची मूठ सोबत न्या आणि सगळा डेक ठोकून बघा, विशेषतः डोलकाठीच्या पायापाशी आणि क्लीटभोवती. टणक, स्वच्छ आवाज आला तर ठीक. एकदम बद्द आवाज आला किंवा पायाखाली डेक दबला, तर आतलं लाकूड पाणी पिऊन कुजलंय. अशी बोट कितीही स्वस्त असली तरी सोडा. कीलची केबल आणि ज्यावर कील फिरते तो बोल्ट मालकाने कधी बदलला हे विचारा. ५५० पौंडांचं बीड त्यावर टांगलेलं असतं. डोलकाठीच्या तारांवरून जुनं फडकं फिरवा, धागा अडकला तर तारेचा पीळ तुटलाय. इंजिन थंड असतानाच सुरू करून दाखवायला सांगा. आणि ट्रेलर दुर्लक्षू नका: बेअरिंग, टायर, दिवे, आणि ट्रेलरचे स्वतंत्र कागद. बोटीचे कागद आहेत पण ट्रेलरचे नाहीत, असे सौदे पुष्कळ असतात, आणि तो त्रास मग वर्षभर पुरतो.

करही धरा. बोट मुख्यतः मेरीलँडमध्ये वापरणार असाल तर तिथला ५ टक्के, व्हर्जिनियात २ टक्के. मरिनावाले विम्याचा कागद मागतील. २२ फुटी बोटीला काही ठिकाणी किमान २५ फुटांचं भाडं लावतात, तेही फोनवरच विचारून घ्या.

मुलांबद्दल दोन गोष्टी कळकळीने सांगतो. मेरीलँडमध्ये २१ फुटांपेक्षा लहान बोटीवर १३ वर्षांखालच्या मुलाला चालत्या बोटीत लाइफ जॅकेट सक्तीचं आहे. तुमची बोट फूटभर मोठी असली तरी हा नियम पाळाच, आणि जॅकेट बोटीवर चढताना नव्हे, गाडीतून उतरतानाच घाला. मुलं धक्क्यावरूनही पडतात. दुसरं, मरिनात मुलांना कधीही पोहायला सोडू नका. किनाऱ्यावरून बोटींना वीज दिलेली असते, एखाद्या बोटीतली वायरिंग खराब असली की ती पाण्यात उतरते आणि पोहणाऱ्याचे हातपायच चालेनासे होतात. गोड्या पाण्यात हा धोका जास्त.

उन्हाळ्यात दुपारनंतर पश्चिमेकडून वादळं येतात आणि फार झपाट्याने येतात. व्हीएचएफ रेडिओवर हवामान ऐकत राहा, पश्चिमेचं आभाळ काळवंडलं की शिडं उतरवा, इंजिन लावा आणि आत या. एकदा मुलं बोटीवर मनापासून घाबरली की पुन्हा यायला तयार होत नाहीत. म्हणून वारा वाढायच्या आधीच रीफ घ्या, म्हणजे शीड थोडं गुंडाळून लहान करा. बोट कमी कलली तर वेग फारसा जात नाही. आणि पडदा लावून ठेवता येईल असा पोर्टा-पॉटी (सुटा संडास) घ्या. तो नसेल तर दोन तासांत कुणीतरी परत चला म्हणणारच.

तुम्हा दोघांपैकी ज्यांचा जन्म १ जुलै १९७२ चा किंवा त्यानंतरचा असेल त्यांना मेरीलँडमध्ये बोट चालवायला बोटिंग सेफ्टीचं प्रमाणपत्र लागतं. ते हिवाळ्यात घरबसल्या करून टाका. बोट मात्र ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शोधा. हिवाळ्याचं भाडं भरायची वेळ आली की विकणारे भाव उतरवतात, आणि बोट पाण्यातच असेल तर इंजिन, शिडं आणि कील चालवून बघता येते. एखादी मनात भरली तर कीलचा, डोलकाठीच्या पायाचा आणि ट्रेलरच्या चाकांचा जवळून काढलेला फोटो इथे टाका, मी बघून सांगेन.