ती भिंतीवरची रेघ कथेत कुठाय?

प्रिय पोरी,

तुझी आजीवरची शंभर शब्दांची कथा परवा रात्री वाचली, काल सकाळी परत वाचली आणि दुपारी जेवताना घरात मोठ्यानं वाचून दाखवली. उत्तराला दोन दिवस लागले म्हणून रागावू नकोस. मोबाईलवर "छान आहे, लिहीत राहा" एवढं टाकून मोकळं होता आलं असतं, पण तुझ्या बाबतीत मला ते करायचं नाहीये, तुझ्या हातात काहीतरी आहे असं मला मनापासून वाटतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी तुझीच वाक्यं तुला वाचून दाखवतो. "माझी आजी अतिशय कष्टाळू, प्रेमळ आणि स्वाभिमानी होती. आयुष्यभर तिने दुःखांशी सामना केला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं, तरी तिने घर सोडायला नकार दिला." इथं शंभरातले जवळजवळ तीस शब्द संपले. आणि मला आजी दिसली का, तर नाही दिसली. तुझं तिच्यावरचं प्रेम दिसलं, ते खरं आहे, त्याबद्दल शंकाच नाही, पण कष्टाळू प्रेमळ स्वाभिमानी हे तीन शब्द सांगलीतल्या कुठल्याही आजीला लावले तरी बसतील, माझ्या आईला पण बसतील, पेपरात फोटोखाली येतात तसे आहेत ते.

आता आठव, मागच्या आठवड्यात फोनवर तू सहज बोलता बोलता काय म्हणालीस. २००५ चा पूर ओसरल्यावर आजीनं पाणी जिथवर आलेलं तिथं भिंतीवर खिळ्यानं रेघ ओढून ठेवली, आणि पुढं घराला रंग द्यायचा झाला की रंगाऱ्याच्या शेजारी उभी राहून ती रेघ तेवढी सोडून रंग द्यायला लावायची आणि रंगारी वैतागायचा. अगं पोरी, हे कथेत कुठाय? फोन ठेवला तरी मला ती म्हातारी दिसत होती, कमरेवर हात ठेवून उभी, "हितनं खाली मार, वर मार, त्या रेघंला हात लावू नगंस." तू तिचं लुगडं सांगितलं नव्हतंस, उंची सांगितली नव्हतीस, तरी दिसली. आणि बघ, घर सोडायला नकार का दिला तेही त्या रेघेतच आहे. तिच्या हिशोबात पाणी रेघेपर्यंत येतं आणि मागं फिरतं, एवढं तिनं स्वतःच्या डोळ्यानं बघितलेलं. पुलाची धोका पातळी ४५ फूट असेल, तिची धोका पातळी घरातल्या भिंतीवर होती. ५७ फूट म्हटल्यावर तुझ्यामाझ्या पोटात गोळा येतो कारण आपण त्या आठवड्यात तासातासाला "किती फूट झालं" विचारत बसलेलो, पण नागपूरच्या वाचकाला त्या आकड्यात काही दिसणार नाही. रेघ बुडाली असं लिही, त्याला पण कळेल.

हे फक्त तुझंच होतं असं नाही. गप्पा मारताना आपण माणसं सांगतो आणि लिहायला बसलो की त्या माणसांबद्दलची आपली मतं लिहितो. माझी पहिली गोष्ट मी एका दिवाळी अंकाला पाठवलेली, संपादकांनी पोस्टकार्डावर दोन ओळी लिहून परत केली, की म्हातारी चांगली आहे हे तुम्ही सांगताय, आम्हाला ती दिसू द्या. तेव्हा लई लागलं. वर्षभर काही लिहिलं नाही.

मग कळलं ते कामावर कळलं. तुला माहितीये मी मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर दिवाणजी होतो. हळद शिजवून वाळवून पॉलिश केली की वरनं सगळी हळकुंडं सारखीच पिवळी दिसतात. सौद्याच्या वेळी व्यापारी ढिगातनं एक हळकुंड उचलतो आणि कट्टकन मोडतो, आत रंग कसा आहे बघतो, नाकाला लावतो आणि त्या एका तुकड्यावर अख्ख्या ढिगाचा भाव बोलतो. अख्खा ढीग कोण मोडत बसत नाही. छोट्या गोष्टीत आपल्याकडं तेवढंच असतं, एक हळकुंड. पण ते मोडायला पाहिजे, म्हणजे त्या माणसाला अशा जागी आणून उभं करायचं जिथं त्याला काहीतरी करावं लागतं, बारीकसं का असेना, आणि जे तो करतो ते दुसरा कुणी तसंच केलं नसतं.

एक दाखवतो. आमच्या गल्लीत एक रिटायर कंडक्टर राहायचे, एसटीतले. त्यांच्यावरनं मी एक अलक, म्हणजे अति लघु कथा, लिहिली, माणसं आणि प्रसंग बदलून. पहिल्या खर्ड्याची सुरुवात होती "नाना निवृत्त कंडक्टर होते. शिस्तीचे. पत्नीवर त्यांचा फार जीव होता." आता शेवटची बघ.

"निघायचं?" ड्रायव्हरनं मागं वळून विचारलं.
नाना अक्कांच्या पायाशी बसलेले. दोन्ही मुलं समोर, शेजारचे दोघं दाराशी. नानांनी बोटानं माणसं मोजली. पाच. परत मोजली. पाच.
"नाना, सगळे आलेत," धाकटा म्हणाला.
नानांनी मान हलवली आणि वरच्या पत्र्यावर दोनदा टकटक केलं.
गाडी सुटली.

कंडक्टर हा शब्द नाही, शववाहिका हा शब्द नाही, रडणं नाही, जीव होता हे पण नाही. दोनदा टकटक म्हणजे डबल बेल, एसटीत बसलेल्या कुणालाही कळतं की आता गाडी हलणार. आणि ते पाच मोज. दोन मुलं, दोन शेजारी, मग पाचवं कोण? नाना अक्कांना मोजतायत. इथं तुला एक आतली गोष्ट सांगतो, मी आधी सहा लिहिलेलं, म्हणजे नाना धरून. त्या कंडक्टरांना वाचून दाखवली तर सगळं गप्प ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "कंडक्टर स्वतःला मोजत नसतो." माझ्या अंगावर काटा आला. तो एक आकडा बदलला आणि नाना खरे झाले, त्याआधी मी त्यांना बनवत होतो. म्हणून म्हणतो, ज्या कामातला माणूस लिहायचाय त्या कामातल्या माणसाला एकदा तरी विचार, मिरजेच्या सतारमेकरावर लिहायचं असेल तर तिथं जाऊन अर्धा तास नुसती बसून ये, सतारीचा भोपळा हातात घेतल्यावर ते पहिल्यांदा काय करतात ते बघ. हाताच्या सवयी जातच नाहीत, काम सुटलं, माणूस म्हातारा झाला, घरात मयत झालं तरी हात आपलं काम करत राहतात, आणि माणूस तिथं सापडतो.

आणि असं समजू नकोस की पन्नास शब्दांसाठी पन्नास शब्दांपुरतंच माहीत असलं की झालं. नानांना अक्कांच्या हातची कुठली भाजी आवडायची नाही, दोघांत शेवटचं भांडण कशावरनं झालं, रिटायर झाल्यावर पहिले सहा महिने पहाटे उठून काय करायचे, हे सगळं मी वहीत चार पानं लिहिलेलं. त्यातलं काहीच कथेत आलं नाही. पण ते माहीत नसतं तर "परत मोजली" हे दोन शब्द मला सुचलेच नसते. आजीवर पण आधी मोकळं लिही, पाचशे होऊ देत, सातशे होऊ देत, मग कापायला बस. कापताना विशेषणं आधी जाऊ देत, वस्तू आणि क्रियापदं शेवटपर्यंत धरून ठेव. शीर्षक बहुतेकजण शंभरात मोजत नाहीत, तेव्हा तिथं "आई" किंवा "माया" असलं काही घालून ती जागा वाया घालवू नकोस, नात्याची किंवा काळाची माहिती तिथं भागवता येते.

नावाचा पण विचार कर. तुझ्या कथेत आजी, आई, बाबा, शेजारचे देसाई काका, बोटीतले जवान आणि एक पत्रकार आहेत. शंभर शब्दांत सहा जण! वाचकाला उभं राहायला जागा नाही. दोन ठेव, तिसऱ्याचा नुसता आवाज चालेल. आणि आजीला कथेत कुणीतरी हाक मारू दे. आपल्याकडं हाकेत सगळं असतं, बायजाक्का म्हटलं की वय आलं, गल्ली आली, तिला कोण किती मानतं ते आलं, त्यासाठी वेगळं वाक्य खर्चायला नको.

बोलीचं म्हणशील तर तू सगळेच संवाद "करालैस, जेवालोय" असे ठोकून भरलेत. आपली बोली मला जीव की प्राण आहे पण प्रत्येक शब्द बोलीत आला की वाचक अडखळतो आणि सगळी पात्रं एकाच तोंडानं बोलल्यासारखी वाटतात. आजीला एकच वाक्य दे पण ते तिचंच असू दे. बोटीतला पोरगा हात पुढं करून म्हणतोय चला आजी, आणि ती त्याला काय म्हणेल? "मी येत नाही" हे कुणीही म्हणेल. "थांब, भिंत बघून येतो" असं तुझ्या आजोबांनी म्हटलं असतं, आजी काय म्हणाली असती ते तुलाच माहीत, मला नाही.

सांगली नाटकाचं गाव, १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथं नाटक उभं केलं ते आपण अभिमानानं सांगतो, त्यामुळं असेल कदाचित, पात्र म्हटलं की आपल्याला रंगवायची घाई होते. नाटकात नट अंगानं समोर उभा असतो, त्याला रंग शोभतो. इथं अंग वाचकानं स्वतःच्या डोक्यात तयार करायचं असतं, आपण त्याच्या हातात एक रेघ द्यायची, बाकीची भिंत तो स्वतः उभी करतो.

आणि तो शेवटचा धक्का काढून टाक, आजी पुरातच गेलेली आणि हे सगळं तिचा आत्मा सांगतोय असा. तुला वाईट वाटेल पण काढच. ती प्रत्यक्षात बोटीतनं सुखरूप बाहेर आली, पुढं दोन वर्षं तुमच्याबरोबर राहिली, हे तूच मला सांगितलंस. धक्क्यासाठी तिला मारलंस की वाचक त्या युक्तीकडं बघतो, आजीकडं त्याचं लक्षच राहत नाही, आणि दुसऱ्यांदा वाचायला तो परत येत नाही कारण युक्ती कळलेली असते. नानांची गोष्ट काहीजणांनी मला परत परत वाचली म्हणून सांगितलं, त्यात न कळण्यासारखं काहीच नाही, तरी.

आता काम. पूर ओसरल्यावर तुम्ही घरी परत आलात तेव्हा आजीनं नवीन रेघ ओढली का? जुनी रेघ तशीच ठेवली का पुसली? नसेल ओढली तर का नाही ओढली? मला याचं उत्तर माहीत नाही आणि तुझ्या कथेत पण नाही. आज संध्याकाळी आईला विचार, ती स्वयंपाक करत असताना विचार म्हणजे ती विचार न करता खरं सांगेल. आणि बोटीत चढताना आजीच्या हातात काय होतं तेही विचार. कळलं की कथा परत लिहून पाठव, शंभरची घाई नको, लांब असली तरी चालेल. रविवारी मी घरीच आहे, आलीस तर भडंग करायला सांगतो.

तुझा,
दिवाणजी काका
सांगली