आधी त्या 'चतुरस्त्र'मधला 'त' काढा

प्रश्न: जिमी पेज, जेफ बेक आणि स्टीव्ह हाउ यांच्यात सर्वांत 'चतुरस्त्र' रॉक गिटारवादक कोण? 'अष्टपैलू' म्हटलं तर चालेल का?

चार अस्त्रं घेऊन लढायला निघालेला गिटारवादक अभिप्रेत असेल तर 'चतुरस्त्र' खुशाल लिहा. एरवी शब्द चतुरस्र असाच आहे: चतुर् अधिक अस्र, आणि अस्र म्हणजे कोपरा. हा 'चतुर'पणातून आला असं ठासून सांगणारे अभ्यासू बरेच भेटतात. त्यांनी त्रिकोणी या अर्थाचा 'त्र्यस्र' कोणत्या चातुर्यातून आला तेही एकदा सांगावं. नाट्यशास्त्रात नाट्यगृहांचे आकार विकृष्ट, चतुरस्र आणि त्र्यस्र; तालांचे भेदही चतुरस्र आणि त्र्यस्र. कर्नाटक संगीतात आजही चारच्या जातीला चतुरस्र म्हणतात, तीनच्या जातीला तिस्र. म्हणजे चारच्या ठेक्यावर चालणारं बहुतेक रॉक उपजतच चतुरस्र!

पण खरी गंमत पुढेच आहे. हाच शब्द झिजून आपला 'चौरस' झाला. चौरस आहारातला चौरस. चौरसाची एकही बाजू तोकडी चालत नाही, म्हणून माझ्या मते चतुरस्र वादक तोच, ज्याची एकही बाजू लंगडी नाही. किती शैली येतात ही मोजदाद इथे गैरलागू.

लंगडी बाजू उघडी पडते ती डिस्टॉर्शन, म्हणजे इलेक्ट्रिक गिटारचा मुद्दाम फाटका, खरखरीत केलेला आवाज, बंद केल्यावर. डिस्टॉर्शनमुळे लहानमोठे आघात एका पातळीवर येतात, सूर लांबतो आणि उजव्या हाताचा कच्चेपणा झाकला जातो. उलट भरपूर डिस्टॉर्शनवर पूर्ण कॉर्ड (षड्ज, गंधार, पंचम एकत्र) वाजवली की गंधाराच्या जागी गढूळ गुरगुर ऐकू येते. म्हणून तर पॉवर कॉर्डमध्ये फक्त षड्ज आणि पंचम ठेवतात. त्यावरच वाढलेला हात स्वच्छ आवाजात कंट्री किंवा जॅझ वाजवायला गेला की अडखळतो.

हाउ अडखळत नाही. त्याच्या 'यस' या बँडच्या 1971 मधल्या दोन अल्बमांवरच बघा: 'क्लॅप' पोलादी तारांच्या अकूस्टिकवर, बोटांनी वाजवलेलं, रॅगटाइमच्या अंगाने जाणारं, 'मूड फॉर अ डे' थेट स्पॅनिश वळणाचं. आणि इलेक्ट्रिक वाजवताना हातात गिब्सनची ईएस-175, म्हणजे जॅझवाल्यांची पोकळ गिटार. माझा चतुरस्र हाच.

पेजचे चाहते चिडतील. पेजकडे पैलू हाउपेक्षा जास्तही निघतील: व्हायोलिनचा गज, अकूस्टिक, आणि पहिली, दुसरी व सहावी तार एकेक पूर्ण स्वर उतरवून केलेलं 'डॅडगॅड' ट्यूनिंग. पण चाळीस पैलूंचा हिराही चौरस असेलच असं नाही. बेकने 1980 च्या दशकात पिक (तारा छेडायची पट्टी) टाकून दिला आणि अंगठा, व्हॉल्यूमची कळ व व्हायब्रेटोची (सूर वरखाली हलवणारी) दांडी यांवर एकच सूर माणसाच्या गळ्यासारखा वळवला. त्याला चतुरस्र म्हणणं म्हणजे त्याचं वेगळेपण पुसणं.

'अष्टपैलू'? पैलू फारसी, अष्ट संस्कृत, म्हणून नाकं मुरडणारे मुरडोत. पेजसाठी बेलाशक वापरा.