दुसऱ्या खुर्चीचे पैसे

प्रिय,

पत्र मिळालं, सोबतचा देशोदेशीच्या हवाई वाहतूक नियंत्रण सेवांचा तक्ताही. मालकी, दर, विलंबाची मिनिटं, नियामक... सात रकाने आखलेस आणि नेमका एक राहिला. वाहतूक घटली की रात्रपाळीच्या दुसऱ्या खुर्चीचे, म्हणजे शेजारी बसणाऱ्या दुसऱ्या कंट्रोलरचे, पैसे कोण देतं? तो आधी भर. मग विचार मला, नोकरी सरकारी खात्यात घेऊ की कंपनीत.

मालकीने तू गोंधळलास, साहजिक आहे. न्यूझीलंडने 1987 मध्ये या सेवेची सरकारी मालकीची कंपनी केली. कॅनडात 1996 साली भागधारकच नसलेल्या, नफा न वाटणाऱ्या संस्थेने दीड अब्ज डॉलर मोजून सगळी सेवा विकत घेतली. ब्रिटनने 2001 मध्ये विमान कंपन्यांना भागीदार केलं. जर्मनीत 2006 साली बहुतांश हिस्सा विकायचा कायदा झाला, पण राष्ट्रपतींनी सही नाकारली आणि मालक सरकारच राहिलं. कंपनीकरणाला माझा विरोध नाही. अर्थसंकल्पाची वाट बघत जुनी यंत्रणा कशी कुजते ते मी पाहिलंय.

पण पैसा येतो कुठून ते नीट बघ. मार्गशुल्क, म्हणजे आकाशातून नेण्याबद्दल विमानाकडून घेतलेले पैसे, साधारणपणे अंतर आणि विमानाचं वजन यांवर आकारतात. विमान आलं नाही की पैसा नाही. सेक्टर, म्हणजे कंट्रोलरला नेमून दिलेला आकाशाचा तुकडा, मात्र उघडाच ठेवावा लागतो. ब्रिटनची भागीदारी होऊन काही आठवडे झाले आणि 11 सप्टेंबर उजाडला. अटलांटिकवरची वाहतूक आटली, 2003 मध्ये सरकारला पुन्हा पैसे ओतावे लागले. 2020 मध्ये विमानं जमिनीवर उभी असताना कॅनडाने दर 29.5 टक्क्यांनी वाढवले. अशा वेळी कात्री कुठे लागते? दुसऱ्या खुर्चीला. रिकामीच दिसते ना ती!

आमची सेवा कंपनी झाली, त्यानंतर दोन वर्षांनी रात्री दोन ते पाच एकच कंट्रोलर ठेवायच्या रोस्टरवर मी सही केली. तासाला चार-पाच विमानं, हिशेब चोख होता. एका रात्री मीच बसले होते. एका कानाला शेजारच्या केंद्राचा फोन. पायलटला पातळी तीनशे दहा, म्हणजे एकतीस हजार फूट, दिली, त्याने तीनशे तीस परत वाचली आणि मी ‘बरोबर’ म्हणाले. शेजारी कुणी असतं तर त्या कानाने ते पकडलं असतं. पडद्यावर आकडा तीनशे अकरा झाला तेव्हा मला कळलं. दुसऱ्या विमानापासून पाच मैलांचं अंतर राहिलं, म्हणून नियमभंग झाला नाही. सकाळी सही मागे घ्यायला गेले, तोवर बचतीचा आकडा वार्षिक अहवालात छापून झाला होता.

सही का केली, असं तू विचारशीलच. ती खुर्ची की नव्या प्रशिक्षणार्थींची तुकडी, असा पर्याय समोर ठेवला होता. मी तुकडी वाचवली. त्यातले लोक आज शिफ्ट चालवतात. ते चूक होतं असं मला अजूनही म्हणवत नाही, आणि बरोबर होतं असंही नाही.

1 जुलै 2002 ची रात्र, जर्मनीतलं युबरलिंगेन, दोन विमानांची आकाशातली टक्कर, तुला पाठ असेल. एक माणूस दोन कन्सोलवर, सहकारी विश्रांतीला, धोक्याचा इशारा देणारी यंत्रणा दुरुस्तीमुळे अर्धवट, फोन बंद. 71 माणसं गेली. एकट्याने रात्र काढायची ती प्रथा व्यवस्थापनाने वर्षानुवर्षं चालू दिली होती. याचं खापर मी कंपनीकरणावर फोडत नाही, तूही फोडू नकोस. सरकारी खात्यातही खुर्ची रिकामी राहते, फक्त कारण वेगळं सांगतात. म्हणून तर म्हणते, मालक नंतर बघ, खुर्ची आधी.

आणि ‘सुरक्षितता सर्वप्रथम’ वगैरे माहितीपत्रकातल्या ओळी मला परत लिहून पाठवू नकोस. त्या सगळ्यांकडे असतात.

मुलाखतीला जाशील तेव्हा तुला नवा टॉवर दाखवतील. बघ, छानच असेल. मग वर्षातल्या सर्वांत कमी वाहतुकीच्या महिन्याचं रात्रपाळीचं रोस्टर माग, झालेलं, योजलेलं नव्हे. दिलं तर मला पाठव. नाही दिलं, तर तेही कळव.

अनेक आशीर्वाद.