कोरोनाकाळात अमेरिकेत गोरी मुलं शाळेत आणि बाकीची घरी, असं का झालं?

फरक खरा होता, आणि मोठा होता. २०२१ च्या सुरुवातीच्या सरकारी सर्वेक्षणात चौथीतली जवळपास निम्मी गोरी मुलं पूर्णवेळ वर्गात होती. कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक (लॅटिन अमेरिकी किंवा स्पॅनिश मुळं असलेल्या) मुलांपैकी निम्म्याहून जास्त पूर्णपणे ऑनलाइन शिकत होती, तर आशियाई मुलांमध्ये हे प्रमाण सुमारे दोन-तृतीयांश होतं (यात भारतीयही आले).

पहिलं कारण पत्त्याचं. तिथे शाळा उघडायची की नाही हे बहुतांशी स्थानिक ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था, ठरवते. लॉस एंजेलिस, शिकागोसारख्या मोठ्या शहरांतल्या सरकारी शाळा महिनोन् महिने बंद राहिल्या. ग्रामीण, गोरी वस्ती असलेल्या भागांत त्या लवकर उघडल्या.

पण एवढ्यानं भागत नाही. शाळा उघडल्यावरही अनेक कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि आशियाई पालकांनी मुलांना घरीच ठेवलं. याला निष्काळजीपणा म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. याच समाजांत, विशेषतः कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक घरांत, कोविडनं जास्त माणसं नेली होती. एका छताखाली आजी-आजोबा, कामावर जाणं टाळता न येणारे आई-वडील, आणि शाळेच्या जुन्या इमारतींत हवा खेळती राहील यावर विश्वास नाही. आशियाई कुटुंबांना शिवाय वंशद्वेषी छळाची धास्ती होती.

किंमत मुलांनी मोजली. हार्वर्डच्या संशोधकांसह झालेल्या अभ्यासात दिसलं की दीर्घकाळ ऑनलाइन राहिलेल्या शाळांपैकी गरीब वस्तीतल्या शाळांमध्ये मुलांच्या शिक्षणाचं नुकसान सर्वाधिक होतं, आणि तिथे कृष्णवर्णीय व हिस्पॅनिक मुलं जास्त असतात.